तिसऱ्या मजल्यावरचं गाठोडं

उशी होती. उशीचा अभ्रा नव्हता. आणि चष्मा अभ्र्यात होता.

बाथरूममधून आलेली लेक ओल्या केसांनी, उशी चाचपत पलंगापाशी थिजून उभी राहिली. समोर एक पांढरा ढग, म्हणजे गादी, आणि शेजारी एक निळा ढग, म्हणजे आई. नऊ नंबरचा चष्मा काढला की तिच्या जगात एवढंच उरायचं. अकरा वाजता तिची चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. वर्षातून एकदाच होणारी. तिच्यासाठीच मायलेकी सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून या शहरात आल्या होत्या आणि महागही नाही, अगदी साधंही नाही अशा या हॉटेलात उतरल्या होत्या. दुसरा चष्मा होता की. घरी, कपाटाच्या खणात, अगदी सुरक्षित.

"आई, अभ्रा कुठाय?"

आईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पलंग तिने आवरला. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकोणीस वर्षं काम करत होती. आपण लोळलेली चादर दुसऱ्या कुणा बाईने येऊन ओढायची, ही कल्पनाच तिला सोसेना. म्हणून तिने चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं काढलं, गाठोडं करून घट्ट बांधलं आणि व्हरांड्यातल्या ढकलगाडीत नेऊन ठेवलं. गाडीवालीने दहा वेळा नको म्हटलं, तरी.

"त्यात माझा चष्मा होता."

निळा ढग खाली बसला.

सकाळी उठून चाचपडायला नको म्हणून लेक चष्मा अभ्र्यात सरकवून झोपते, हे आईला पुरतं ठाऊक होतं. त्यावरून घरी रोज बोलणी बसायची. कामावर तर ती एकेक अभ्रा तीनदा झटकल्याशिवाय बांधायची नाही. एकोणीस वर्षांत तिच्या हाताला कवळ्या लागल्या होत्या, अंगठ्या लागल्या होत्या, एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंदसुद्धा. आज मात्र तिने झटकलं नव्हतं. आपल्याच अंथरुणात काय असायचंय?

दोघी पळत सुटल्या. लेकीच्या एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. खाली जायला पाहुण्यांना परवानगी नाही, असं काउंटरवरचा माणूस म्हणत राहिला आणि त्या त्याच्या अंगावरून गेल्या. तळघरात आईला वाट विचारावी लागली नाही. ओल्या कापडाच्या वासामागे ती लेकीला हाताला धरून सरळ ओढत निघाली.

आत तीन मोठी मशीनं धडधडत होती. आई मधल्या मशीनपाशी थबकली आणि तिने नुसतं ऐकलं.

"पिळायला लागलंय," ती हळूच म्हणाली. 

नऊ नंबरच्या काचांचं त्या पिंपात काय झालं असेल, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. लेकीने परीक्षेचा विचार करून पाहिला. कागदाला नाक लावून रेघा मारताना स्वतःला पाहिलं. बाकीची मुलं हसताना पाहिली. मग तिने विचार करणं बंद केलं.

करड्या ढगासारखी एक बाई जवळ आली. आईने अर्धवट वाक्यांत, शब्द गिळत, चष्म्याचं सांगितलं. बाईने शांतपणे फक्त खोली विचारली.

"तीनशे बारा."

"ते होय? ते नाही टाकलं मी मशीनला."

फळीवर एकटंच बसलेलं गाठोडं तिने खाली ओढलं. "मॅडम, हॉटेलात येणारं माणूस चादरी जमिनीवर फेकतं. बांधून कुणी देत नाही. बांधून दिलं की समजायचं, आत काहीतरी जाळलंय नाहीतर फाडलंय. साहेबांना दाखवल्याशिवाय मी हात लावत नाही."

एवढ्या संकटातही आईला ते लागलं. आमच्यात असं कुणी करत नाही, हे तिने ठणकावून सांगितलं. मग बाई गाठ सोडायला लागली आणि गाठ काही सुटेना. आईने एक टोक चिमटीत धरून झटका दिला. सगळं भसकन उघडलं. दुसऱ्या अभ्र्यात चष्मा होता. एक काडी जराशी वाकलेली, काचा धडधाकट.

लेकीने तो नाकावर चढवला आणि जग पटापट जागेवर आलं. छताखालचे नळ. बाईच्या केसांत अडकलेला कापसाचा तंतू. भिंतीवरचं घड्याळ, नऊ वाजून वीस मिनिटं. आणि आई. तिने तोंडाचा पट्टा सुरू केला होता: चष्मा काय अभ्र्यात ठेवायची वस्तू आहे, कितीदा सांगितलं, कुणाचं ऐकायचंच नाही. लेक खो खो हसत सुटली. आई ओरडतेय म्हणजे सगळं ठीक होतं. फक्त तिचे हात अजून थरथरत होते.

बाई एवढ्यात आपल्या कामाला लागली होती. मशीनमधून वाळून निघालेली एक डबल चादर ती एकटीच हात लांब करून घडी करत होती, आणि चादर जमिनीला टेकत होती.

आईने जाऊन दुसरं टोक उचललं.

दोघींनी मिळून चादर धरली. ताणली, झटकली, पुढे आल्या, टोकाला टोक लावलं, मागे गेल्या. दुसरी चादर. तिसरी. तिसरीला आईच्या हातांची थरथर थांबली.

"चला, निघू," आई पदराला हात पुसत म्हणाली. "तुझी परीक्षा."

लेकीने वर घड्याळाकडे पाहिलं.

"अजून एक होईल," ती म्हणाली.