मोटारीमागे

“एवढी चित्रं काढत्यात म्हनं मालक, आन् पोरीचं एक न्हाई घरात?” घासलेली भांडी पालथी घालत भीमाबाई म्हणाली.

भीमाबाई गेल्यावर दमयंती माजघरात आली. शामकांत ट्रंक भरत होता. उद्या सकाळच्या मोटारीनं त्याला तिसगाव सोडायचं होतं. शोभाला जाऊन आज पंधरावा दिवस. सहा वर्षांची पोर, तापात गेली. तार त्याला पुण्याला पोचली तेव्हा इकडे सगळं आटोपलं होतं.

दमयंतीनं ट्रंकेवर कागद आणि पेन्सिल ठेवली.

“काढा. फोटो काढू काढू म्हणत राहूनच गेला. मला अजून दिसतेय ती. महिन्याभरानं नाही दिसली म्हणजे?”

शामकांत पुण्याला एका फिल्म कंपनीत होता. कार्टूनच्या सिनेमातली चित्रं हलायला लागायच्या आधी अख्खी गोष्ट चौकोनाचौकोनांत काढून भिंतीवर टाचण्यांनी लावायची, हे त्याचं काम. चार वर्षं तो एका खारीची गोष्ट काढत होता.

सवयीनं त्यानं आधी चौकोन आखला. मग चेहरा. हात भराभर चालला. टपोरे डोळे, फुगरे गाल, डाव्या गालाला खळी.

दमयंती बघत राहिली.

“अहो, शोभाला खळी नव्हती.”

“नव्हती?”

“खळी तुमच्या खारीला आहे.”

त्यानं पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं.

“भुवया कशा होत्या गं?” मान वर न करता त्यानं विचारलं.

दमयंतीनं सांगायला तोंड उघडलं. भुवया तिलाही दिसेनात. तिनं पदर तोंडाशी धरला.

कागद फाटायला आला होता. शामकांतनं दुसरे घेतले. आता त्यानं काहीच विचारलं नाही. एकेका कागदावर एकेक चौकोन. पहिल्यात मोटारीची मागची खिडकी, काठाला धरलेले दोन चिमुकले हात, सुटत आलेली वेणी. तोंड कोरंच. दुसऱ्यात हात सुटलेले, परकर मुठीत धरून ती पळतेय. तिसऱ्यात एक चप्पल मागं पडलीय, ती थांबलेली नाही. मग धूळ. मग ती लहान, आणखी लहान. आठव्यात नुसता रस्ता आणि एक ठिपका.

“एवढंच येतं मला,” तो म्हणाला. “दर खेपेला निघताना एवढंच बघितलंय.”

“बघत होतात तुम्ही?”

“वळण येईपर्यंत.”

दमयंतीनं कागद हातात घेतले.

“ती एक चप्पल घालून परत यायची,” ती म्हणाली. “म्हणायची, बाबांनी मागं बघितलंच नाही.”

शामकांतनं ट्रंकेचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. त्यानं तसंच सोडलं.

दमयंती खाली बसली. हातानं फरशी पुसली आणि कागद मांडायला लागली. पहिल्यांदा तिनं ठिपका ठेवला. त्याच्याशेजारी धूळ. मग परकर दिसायला लागला, मग पाय. रस्त्यावरून एक मुलगी घराकडे पळत यायला लागली.

सात चौकोन तिनं ओळीनं लावले. उरलेला पहिला, सगळ्यात जवळचा, कोऱ्या तोंडाचा, तिनं खाली ठेवला नाही. मांडीवर घेतला.