मधला काळा गोळा

इटलीतल्या आसियागोच्या वेधशाळेत दरवर्षीसारखा सरांच्या कृष्णविवराचा वाढदिवस चालला होता. म्हाताऱ्या लंबगोल दीर्घिकेच्या मध्यभागी उजेडाच्या मानाने वजन फारच भरलं, म्हणून सरांना तिथे विवर सापडलं होतं. आतबाहेर तारे सारखेच, असं धरून त्यांनी हिशेब केला होता. त्यांच्या विद्यार्थिनीने, नीवेसने, या आठवड्यात तारे थरागणिक तपासले, तर मधोमध मिणमिणत्या बुटक्या ताऱ्यांची खच्चून गर्दी निघाली. वजन त्यांचंच होतं. विवर उरतच नव्हतं. सकाळीच तिने सरांना कळवलं होतं. सरांनी केकच्या मध्यावरचा काळ्या चॉकलेटचा गोळा अलगद कोरून तिच्या बशीत ठेवला. “खा, पोरी. ओर्नेलालाही मीच वाढला होता.” “कोण ओर्नेला?” “तुझ्याआधी तुझ्याच खुर्चीत बसायची. तिलाही बुटके तारे दिसले. गोळा तिने बशीतच ठेवला. आता विचेन्त्सात चष्मे विकते.” सरांनी सुरी पुसली. सगळे नीवेसच्या चमच्याकडे बघत होते.