ठमीच्या नाकातले जंतू

“हे जंतू घोड्याचे नव्हेतच. माणसाच्या घशातले आहेत,” लॅबवाल्या बाईंनी काचेची बशी मालकांसमोर धरली.

मोतद्दार हातातला खरारा थांबवून ऐकू लागला. ठमी घोडीचं नाक गळत होतं, म्हणून बाईंनी कापसाच्या काडीवर तिचा शेंबूड नेला होता. रक्त मिसळलेल्या खळीच्या बशीत तो पसरून उबेत ठेवला, आणि घोड्यांच्या साथीचे जंतू उगवायचे तिथे हे भलतंच उगवलं!

“म्हणजे कुणीतरी हिचे मुके घेतंय?” मालक कडाडले. तबेल्याचा नियमच होता, घोड्यांचे लाड बंद. लाडाने घोडं बिघडतं, असं ते उठता-बसता सांगत. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता, गळ्याला मफलर होता. “सगळ्यांचे घसे तपासा! ज्याच्यात सापडेल त्याने चंबूगबाळं आवरायचं!”

सगळ्यांनी मोतद्दाराकडे पाहिलं. ठमीचा खरारा, दाणापाणी, सगळं त्याच्याचकडे. पण मुका? अहो, ती त्याला दिसेल तिथे चावायची! त्याने दंडावरचे वण दाखवले, तरी ऐकतंय कोण? बाईंनी ओळीने सगळ्यांच्या घशात काडी फिरवली.

घरी जाऊन तो मिठाच्या पाण्याने गुळण्या करत बसला. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार?

“घोडीचा मुका?” बायको फणकारली. “माझा कधी घेतला नाहीत तो!”

दोन दिवसांनी बाई बशा घेऊन आल्या.

“सगळे स्वच्छ. मोतद्दारसुद्धा.”

मोतद्दाराचा जीव भांड्यात पडला. त्याला तिथल्या तिथे रडूच आलं.

“मग चोर कोण?” मालक घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“एकच घसा राहिलाय.” बाईंनी नवी काडी काढली. “मालक, आ करा.”

मालकांनी तोंड गच्च मिटलं. मफलर नाकापर्यंत ओढला. तेवढ्यात मागून ठमीने मान लांब केली, दातांनी अलगद तो मफलर खाली ओढला आणि सवयीने ओठ पुढे काढले.

मालकांचे कान लालभडक झाले.

“पहिला मुका तिनेच घेतला होता,” ते पुटपुटले.