शुक्रवारचा फोन

"काका, बुरुजातली खोली घ्यायची की तळ्याकडची? आज ठरवा. उद्या फॅक्स गेला नाही तर दोन्ही जातील."

उपेंद्रने माहितीपत्रकं टीपॉयवर पसरली होती. दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तो कामाला होता. ओळखीतला म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत घरी आला होता.

आत्मारामांनी चष्मा कपाळावर चढवला. एका पत्रकात आयर्लंडमधला आठशे वर्षांचा किल्ला होता. आता त्याचं हॉटेल झालं होतं. दुसऱ्यात कुणा उमरावाची तळ्याकाठची हवेली होती. किल्ल्यात रात्रीला बाराशे दिरहम. "म्हणजे तेरा हजार रुपये," आत्माराम म्हणाले. "आपल्याकडे लोक भाकरी बांधून किल्ल्यावर फुकट जातात." पण बोट किल्ल्यावरून हलत नव्हतं. वीस वर्षं दुबईत मसाले आणि पापड विकणाऱ्या माणसाचा मुलगा येत्या जूनमध्ये डब्लिनला डॉक्टर होणार होता. पदवीदान गुरुवारी. शुक्रवार-शनिवार प्रणवला घेऊन एखाद्या किल्ल्यात राजासारखं राहायचं, हे त्यांनी पाच वर्षांपूर्वी त्याला विमानात बसवतानाच ठरवलं होतं.

त्यांच्या बायकोला, कुमुदताईंना, मात्र या बेतात काहीतरी खुपत होतं. प्रणवलाच तो नको होता. आधी म्हणाला, इथली हॉटेलं फार महाग आहेत. मग म्हणाला, समारंभाची पत्रं अजून निघाली नाहीत. गेल्या शुक्रवारी तर "डोन्ट कम, आई, मीच तिकडे येतो ना," म्हणाला. आत्मारामांनी ते हसण्यावारी नेलं. पोर बापाचा खर्च वाचवतंय, दुसरं काय! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, हे ते दुबईतल्या निम्म्या मराठी मंडळींना सांगून आले होते. त्याचा पुरावाही ते तयार ठेवत. दर शुक्रवारी जेवणं झाली की दुपारी दोनला ते प्रणवच्या खोलीवर फोन लावत, आणि प्रणव पहिल्या रिंगला उचलायचा. पाच वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता.

"बुरुजच घे," आत्माराम म्हणाले. "शुक्रवार-शनिवार."

"त्यापेक्षा आधीचे मंगळ-बुध घ्या ना, काका. शुक्रवारी संध्याकाळी तिकडचा वीकेंड सुरू होतो, रेट चढतो."

"शुक्रवारी सुट्टीच असते की."

"ती आपल्याकडे. तिकडे शुक्रवारी ऑफिसं, कॉलेजं, सगळं चालू. आपण इथे जेवून आडवे होतो ना, तेव्हा ते लोक कामावर असतात."

"खरंच की," आत्माराम हसले. "वीस वर्षं इथे राहून डोक्यात इथलंच कॅलेंडर बसलंय."

कुमुदताई हसल्या नाहीत. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण शुक्रवार म्हणजे सुट्टी, सगळे घरी, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मुलगा या वेळी खोलीवर कसा, हा प्रश्न कधी मनातच आला नव्हता. त्या उठल्या. कपाटातून प्रणवचं जानेवारीतलं पत्र काढलं. शेजारणींना कौतुकाने वाचून दाखवलेलं. "फायनल इयर खूप टफ आहे, आई. मंडे टू फ्रायडे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच हॉस्पिटलमध्ये. जेवायलाही वेळ मिळत नाही."

दोनला पाच मिनिटं कमी होती. म्हणजे डब्लिनमध्ये सकाळचे अकरा वाजत आले होते.

"अहो, आज आत्ता फोन नका लावू. संध्याकाळी लावू."

"का? तो वाट बघत असेल."

कुमुदताईंनी पत्र पुढे केलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आत्मारामांनी ओळ वाचली. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा वाचली. मग पत्राची घडी घातली आणि ती किल्ल्याच्या चित्रावर ठेवली.

"काका, बुरुज फायनल ना?" उपेंद्रने विचारलं.

"थांब जरा."

आत्मारामांनी फोन पुढे ओढला.

"आज तो उचलणार नाही," ते कुमुदताईंना म्हणाले. "ड्यूटीवर असेल. तू बघच."

पाच वर्षं पाठ असलेला नंबर. आज दाबताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. कुमुदताईंनी डोळे मिटले. या मुलासाठी त्यांनी देवाकडे खूप काही मागितलं होतं. त्याने फोन उचलू नये, असं मात्र कधी मागितलं नव्हतं. वाजू दे. दहा वेळा वाजू दे. नुसता वाजत राहू दे.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हाय बाबा," प्रणवचा आवाज नेहमीसारखाच खुशीत होता. "येस, घरीच आहे. बोला ना."