बोंबलाची दोरी

"तुमच्या पोरीचं लक्षच नसतं! दोरीनं बांधून बसवा, तरच बेचा पाढा येईल," गुरुजी काल किशोरीला म्हणाले होते. आज ती खरंच दोरी घेऊन शाळेत आली. मुरूडच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची, खाऱ्या वाऱ्यानं ताठलेली. चुळबुळी लेक ती बघताच भिंतीला चिकटली. किशोरीनं दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं दाराच्या कडीला. सोबत आणलेल्या टोपलीतले ओले बोंबील पोरीपुढं ठेवले. "घरी टांगतेस तसे टांग." पोरीनं दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकली. "बे एके बे." दुसरी जोडी. "बे दुणे चार." हात चालले तसं तोंडही चाललं. गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. "शाळा आहे की मासळीबाजार? सोडा दोरी!" किशोरीनं पदर खोचला. "तुमीच बोललाव ना, बांधा? आता पाढा संपल्याबिगर न्हाय सोडायची!"