गार तेल

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन समोर ठेवून एर्मेक अर्धा तास बसून होता. सहावी वेळ, तरी सुई उचलवत नव्हती. त्याला मुलगी म्हणून वाढवणारा मेंढपाळ बाप दारातून बघत होता. या औषधाबद्दल तो आजवर चकार शब्द बोलला नव्हता.

“नारीनच्या डोंगरातल्या थंडीत औषधाचं तेल घट्ट होतं, मग दुखतं.” बापाने कुपी उचलून स्वतःच्या काखेत धरली. “आणि मांडी सैल सोड. मेंढरंसुद्धा एवढं अंग चोरत नाहीत.”

कुपी कोमट झाल्यावर एर्मेकने औषध भरलं आणि ओठ दाबून सुई टोचून घेतली.

“बाहेर शिंगरू बांधलंय. तुझं आहे,” बाप म्हणाला.

“कशाबद्दल?”

“सुंतेच्या दिवशी आपल्यात पोराला शिंगरू देतात. तुझ्या भावाला पाचव्या वर्षी दिलं. तुझं द्यायचं राहूनच गेलं होतं.”