खिडकीतला फोन

सोप्यातली, पुढच्या खोलीतली खिडकी. उंब्रजच्या त्या घरात रेंज मिळते ती तिथेच.

तिथल्या फोनात चारशे बारा माणसांची नावं, पत्ते, आजार.

लालासाहेबांचा चहा. बशीत, बिनसाखरेचा, रोज सकाळी सातला, शेजारच्या घरातून येऊन.

हवालदार आकाराम. फौजेच्या सिग्नल दलात एकवीस वर्षं, एकही लाल शेरा नाही.

खिडकीत चार्जरची वायर लोंबतेय. फोन नाही.

वीरधवलने आईच्या फोनवरून सांगलीला श्रद्धा मॅडमना गाठलं. एका विमा कंपनीचं काम तो घरून करायचा. कंपनीच्या फोनांची सुरक्षा त्या बघायच्या, त्याही घरूनच.

“कधीपासून दिसत नाही?”

“साडेआठला उठलो, तेव्हा नव्हता.”

“थांबा.” बोटं चालल्याचा आवाज आला. “सात वीसला कुणीतरी त्यावर खोटी लिंक उघडलीय. सगळी यादी गेली. आठनंतर फोन बंद आहे, त्यामुळे इथून पुसताही येत नाही. लॉक काय होतं?”

वीरधवलने लोंबत्या वायरचं टोक बोटाला गुंडाळलं.

“लॉक होतं ना?”

“नव्हतं.”

पहिल्या दिवशी त्याने लॉक घातलं होतं. आकारामांनी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, “बापापासनं काय झाकायचंय रं तुला?” त्याच संध्याकाळी त्याने ते काढलं. हे मॅडमना कसं सांगायचं? त्याचे कान तापले.

“स्वतःहून सांगितलं की निस्तरता येतं,” मॅडम म्हणाल्या. “लपवलं तर नोकरी जाते. सात वीसला तिथे कोण होतं?”

“शेजारचे लालासाहेब चहाला येतात,” तो म्हणाला, आणि जीभ चावावीशी वाटली.

लालासाहेब दारातच दोरी वळत बसले होते. मुलामागे आकारामांना बघून हसले.

“आज हवालदारसाहेब माज्याकडं? चहा टाकाया सांगू?”

वीरधवलने खाली बघत सगळं सांगितलं, घर बघू द्या म्हणाला. लालासाहेबांच्या हातातली दोरी थांबली.

“आकाराम, तुला बी तसंच वाटतंय व्हय रं?”

“वाटायचा सवाल न्हाई, लाला. झडती म्हंजी झडती.”

“घे की मग. गादीखाली बघ, पिठाच्या डब्यात बघ. धोतर सोडू का?”

कुणी हसलं नाही. लालासाहेबांनी स्वतःच बंडीचे खिसे उलटे केले. तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी, एसटीचा सवलतीचा पास. पास खाली पडला. वीरधवलने उचलून दिला, पण त्यांच्या तोंडाकडे त्याला बघवेना. मग त्याने गादी उलटली, गोधड्या झटकल्या. सून सोनिया पिठाच्या हातांनी चुलीपाशी उभी राहून बघत होती. आकाराम उंबऱ्यात पाठ करून उभे होते.

“उद्यापास्नं चहाला येत न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “तुमच्यात किमती वस्तू लय हायत.”

दुपारी मॅडमचा निरोप आला. पोलिसांत तक्रार द्या, प्रत चारपर्यंत पाठवा, संशय असेल त्याचं नाव घाला.

वीरधवल कागद घेऊन बसला. नावापाशी पेन दोनदा थांबलं.

“आबा, नाव घालू?”

“झालं तेवढंच लिही.”

“मग तिथं कोण होतं ते लिहायलाच लागंल. काय लपवलेलं मागनं निघालं तर नोकरी जाती.”

“कुणाची?”

“माझीच की. फोन माझ्या नावावर हाय.”

आकारामांनी बाहेरच्या उसाकडे तोंड फिरवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. अशा सरळ माणसाला आपल्यापायी दोस्तावर सही करावी लागतेय, या विचाराने वीरधवलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“घाल नाव,” आकाराम म्हणाले.

साक्षीदाराच्या जागी त्यांनी ठळक, सरळ अक्षरांत सही केली. खाली लिहिलं, हवालदार, निवृत्त. पेनला टोपण लावून परत दिलं.

त्या सकाळी सात वीसला, चहा पिऊन लालासाहेब घरी गेल्यावर, आकारामांनी खिडकीतल्या फोनवर आलेला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा मेसेज उघडला, त्यात विचारलेलं सगळं भरलं, आणि हात न लावता फोन आपोआप चालायला लागल्यावर तो तारळी नदीच्या पुलावरून खाली टाकला.